साहूसाहेबांच्या वाट्याचे बांगडे

या, जवळ सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनी जरा सरळ व्हा, मागच्यांनी पुढे या. बुवा कीर्तनात आधी तत्त्व सांगतात आणि मग कथा लावतात. मला तत्त्वातलं फार कळत नाही, मी आपली झांज धरून मागे बसणारी. म्हणून तुम्हाला सरळ कथाच सांगते, टोपलीभर बांगड्यांची. हे बांगडे दोन सरकारांच्या मधोमध पडले आणि आमच्या आडवेळ गावात कोण बरोबर, कोण चूक, हे कुणालाच कळेनासं झालं. मला अजूनही कळलेलं नाही. ऐकून तुम्हाला कळलं, तर जाताना सांगून जा.

आमचं आडवेळ सिंधुदुर्गात, किनाऱ्याच्या एका बाकात बसलेलं. इथे रापण चालते. म्हणजे होडी लांबलचक जाळं घेऊन समुद्रात अर्धं वर्तुळ टाकते, जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर वाळूवर येतात, आणि गाव दोन रांगा करून ते ओढतं. एका रांगेनं घाई केली की जाळं वाकडं होतं आणि मासा निसटतो. त्यामुळे दोन्हीकडचे एकमेकांकडे बघत, एकमेकांना शिव्या घालत ओढतात. जाळं वाळूला लागलं की मासळीची वाटणी होते. ती करायची आमच्या सत्यभामा कुबलने. गाव तिला भामाकाकी म्हणतं.

वाटणीचा कायदा एकच. जाळं वाळूला लागतं तेव्हा ज्याचा हात दोराला, त्याला वाटा. तो कोण, कुठला, त्यानं किती जोर लावला, हे विचारायचं नाही. पर्यटक असो, टपालवाला असो, हात असला की वाटा.

या कायद्यावर गुणाजी धुरी जगायचा. तरुणपणी त्याची होडी उलटली. त्यात भाऊ गेला, आणि याचं बोलणं गेल्यासारखंच झालं. हातात पकड राहिली नाही. रोज सकाळी यायचा, दोराला दोन बोटं लावून चालायचा आणि वाटा घेऊन जायचा. त्याच्या दोन बोटांनी जाळं तसूभर हलत नसे. पण दोराशी त्याची जागा ठरलेली होती, उजव्या रांगेत शेवटून पहिली.

आता पाण्यावर तरंगणाऱ्या सरकारी बोयांचं सांगते, कारण सगळा घोळ त्यांनीच घातला.

भामाकाकीची मुलगी वैजयंती ध्वनिशास्त्र शिकून राज्याच्या मत्स्यखात्यात लागली. एक दिवस खात्याच्या होडीतून खाडीबाहेर पिवळे बोये सोडून आली आणि वाळूवर आईशेजारी बसली. मी तिथेच सुकट पसरत होते.

भामाकाकी म्हणाली, "ह्ये पिवळे डेरे काय करतले?"

"मासे बोलावतले," वैजयंती म्हणाली.

"बोलावतले? माशाक कान तरी आसत काय गो?"

"आसत, आये. आत. कानात बारीक खडो आसता. आवाज इलो की तो हलता आणि माशाक दिशा कळता."

मग तिनं समजावून सांगितलं ते असं. समुद्र मुका नसतो. जिथे खडकावर जिवंतपणा असतो, तिथे कोळंब्या चुटचुट करतात, मासे घुमतात, कुरकुरतात. माशांची पिल्लं लांबून हा आवाज ऐकतात आणि इथे खायला आहे, इथे आपली माणसं आहेत, असं समजून येतात. शास्त्रज्ञांनी पूर्वी हा आवाज टिपून मेलेल्या खडकाजवळ वाजवून पाहिला आणि मासे खरोखर आले. नव्या बोयांची करामत त्याच्या पुढची. ते नुसतं वाजवत नाहीत, ऐकतातही. बांगड्यांचा थवा लांबून जात असला, तर तो थवा कसा वळतो ते टिपतात आणि त्याला मानवेल तसा आवाज बदलत नेतात. कोसांवरचा थवा हळूहळू वळतो आणि जवळ येतो.

मला ते लगेच पटलं. देवळावरून भाजीची पिशवी घेऊन जाणारी बाई मृदंगाची थाप ऐकून आत वळते, तसंच हे. बुवाही समोर कोण बसलंय ते बघून चाल बदलतातच की.

पहिल्या हंगामात रापणीला इतका मासा लागला की दोन्ही रांगांनी एकमेकांना शिव्या घालायचं सोडलं.

मग दिल्लीला जाग आली.

आपल्या राज्यघटनेत कामांची वाटणी आहे. काही कामं राज्यांची, काही केंद्राची. मासेमारी राज्याची. पण किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांवर देशाचा प्रादेशिक समुद्र संपतो, आणि त्यापलीकडची मासेमारी केंद्राची. ज्यांनी हे लिहिलं, त्यांच्या काळी मासा आपल्या मनानं हिंडत होता, तेव्हा ही रेघ पुरेशी होती. आता राज्याचे बोये रेघेपलीकडच्या माशाला अलीकडे बोलावू लागले. केंद्र म्हणालं, हा आमचा मासा पळवणं झालं. राज्य म्हणालं, आम्ही आमच्या पाण्यात आवाज करतो, येणारा आपल्या पायानं येतो. कुणीतरी म्हणालं, माशाला पाय नसतात. आमच्या चहाच्या टपरीवर त्यावर आठवडाभर हसणं चाललं.

केंद्रानं रेघेपलीकडे निळे बोये सोडले. ते मासा तिकडे बोलावू लागले. पिवळ्यांनी आवाज बदलला, निळ्यांनीही बदलला. शेवटी बांगड्यांचा प्रचंड थवा बरोबर रेघेवर अडकला आणि गोल फिरत राहिला. ना इकडे, ना तिकडे, ना खाणं धड, ना अंडी घालणं. वैजयंतीनं मला यंत्राच्या पडद्यावर दाखवलं. भोवरा फिरावा तसा थवा फिरत होता. मला गरगरलं.

"गो, हे बिचारे करतले काय?" मी विचारलं.

"माका म्हायत नाय, काकी," ती म्हणाली. "मी बंद करूक सांगलंय. आमचे साहेब म्हणतत, आधी दिल्लीवाले बंद करूदेत. ते म्हणतत, आधी तुम्ही."

अशा वेळी निरंजन साहू आमच्याकडे आले. माणूस ओडिशाचा, केंद्राच्या मत्स्यविभागातला अधिकारी. काम असं की आमच्या खाडीत लागणारा मासा मुळात कुठल्या पाण्यातला, ते तपासायचं. ते कळतं त्याच कानातल्या खड्यावरून. झाडाच्या बुंध्यात वलयं असतात तशी त्या खड्यावर असतात, आणि मासा ज्या पाण्यात राहिला त्या पाण्याची खूण वलयात उतरते.

गावानं आधी त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. पण दुसऱ्याच संध्याकाळी ते देवळात कीर्तनाला येऊन बसले. मराठी अर्धी कळत नव्हती, पण मान बरोबर समेवर हलत होती. लहानपणापासून जगन्नाथाच्या दारात बसलेला माणूस तो. बुवांनी मुद्दाम चाल चढी घेतली आणि साहूसाहेबांनी टाळी सोडली नाही. मी त्याच वेळी ठरवलं, दिल्लीचा असेल, पण आपला आहे.

सकाळी नमुने घ्यायला ते वाळूवर आले. रापण ओढणं चाललं होतं. थोडा वेळ बघत उभे राहिले, मग बूट काढले, पँट दुमडली.

"मी पण हात लावू?"

"लावा की," डाव्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आमचा काय जाता?"

त्यांनी हात लावला, आणि चांगला लावला. जाळं आलं. भामाकाकीनं वाटे घातले. साहूसाहेब खड्यांसाठी चार बांगडे मागायला पुढे झाले, तर तिनं टोपली त्यांच्या हातात ठेवली.

"हे नमुन्यासाठी?"

"नमुने थंयसून घ्या. हो तुमचो वाटो."

"माझा?"

"हात होतो मा दोराक?"

साहूसाहेबांचा चेहरा असा झाला, जणू बुवांनी प्रसादाचा नारळ हातात दिला. त्यांनी बांगडे मोहरी वाटून, आपल्या पद्धतीनं शिजवले आणि चार घरी वाटीवाटी पाठवले. आमच्याही घरी एक वाटी आली. मोहरी जरा नाकात जात होती, पण चांगलं होतं.

चूक झाली ती इथे, आणि ती आडवेळच्याच नशिबी यावी. साहूसाहेबांनी दिल्लीच्या बैठकीत मोठ्या कौतुकानं सांगितलं, "त्या लोकांनी मला वाटा दिला." त्या बैठकीत केंद्राचे वकील बसले होते. त्यांनी तो शब्द उचलला.

दोन्ही सरकारांचं भांडण लवादापुढे गेलंच होतं. केंद्राचं म्हणणं तिथे उभं राहिलं: आमच्या पाण्यातून बोलावलेला मासा किनाऱ्यापर्यंत आमचाच, म्हणून अशी रापण चालवायला आमचाही परवाना लागेल. पुरावा काय? खुद्द गावानं आमच्या अधिकाऱ्याला हक्कानं वाटा दिला, म्हणजे आमचा हक्क गावाला मान्य आहे. राज्य म्हणालं, तो वाटा नव्हता, पाहुण्याला दिलेली भेट होती.

राज्याच्या वकीलबाई शिराळकर गाडी घेऊन भामाकाकीच्या दारात आल्या. मी ओट्यावर होतेच.

"काकी, तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की पाहुणा होता, प्रेमानं दिले. भेट दिली."

"प्रेमान दिलंय, ह्या खरा," भामाकाकी म्हणाली.

"मग झालं."

"पण हात नसतो तर दिलंय नसतंय."

शिराळकरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते सांगायची गरज नाही."

त्या गेल्यावर मला वाटलं, यात अवघड काय आहे, भेट म्हणून टाकावं. पण दुपारी साहूसाहेब आले तेव्हा दुसरी बाजू कळली. ज्याचा मासा तपासायचा, त्याच्याकडून अधिकाऱ्यानं भेट घेतली, तर ती लाच होते. भेट म्हटलं की त्यांची नोकरी जाणार.

"मगे मी काय सांगू ता तरी सांगा," भामाकाकी त्यांना म्हणाली.

"मला विचारू नका, काकी. मी काही सांगितलं तर तेही चूक होईल." ते ओट्याच्या कडेला टेकले, चहा घेतला आणि बशी उगाच फिरवत बसले. "तुम्हाला आठवतं तसं सांगा."

"आठवता सगळा. दिलंय तेका काय म्हणूचा, ता कळना नाय."

आणि वाटा म्हटलं तर? तर केंद्राची सरशी, रापणीला दिल्लीचा परवाना, आणि ज्या खात्यात वैजयंती आहे, त्या खात्याला तिच्याच आईनं हरवलं असं होणार. वैजयंती त्या दिवसांत आईशी नीट बोलत नव्हती.

"आये, भेट म्हण. एक शब्द आसा," ती शेवटी म्हणाली.

"आणि तो साहेब?"

"तेका दुसरी नोकरी गावतली. आमका दुसरो समुद्र गावूचो नाय."

खरं सांगू? मला मुलगी बरोबर वाटली. मग संध्याकाळी देवळात साहूसाहेबांना डोळे मिटून टाळी धरताना पाहिलं आणि ते बरोबर वाटले. शिराळकरबाईंचं ऐकलं की राज्याचं पटायचं: किनारा जवळून बघणाऱ्याच्या हातात हवा. केंद्राचे वकील बोलले की तेही पटायचं: प्रत्येक राज्यानं आपापला बोया वाजवला, तर सगळ्या देशाच्या समुद्रात असाच भोवरा होईल. मी देवाला म्हटलं, बाबा, तूच काय ते बघ.

लवाद आमच्या गावात आला, मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात. तीन सदस्य, मधल्या अध्यक्षा. वयस्कर, शांत बाई. गाव खिडक्यांतून लोंबकळत होतं. आधी खड्याच्या तज्ज्ञानं सांगितलं की तपासलेले बांगडे वाढले दोन्ही पाण्यांत, रेघेच्या इकडेही आणि तिकडेही. म्हणजे माशाला विचारून काही उपयोग नव्हता.

मग भामाकाकी उभी राहिली.

अध्यक्षा म्हणाल्या, "बसून सांगा. त्या दिवशी तुम्ही साहू यांना मासे दिले, ते भेट म्हणून की वाटा म्हणून?"

भामाकाकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिची नजर वैजयंतीकडे गेली, मग साहूसाहेबांकडे. ते जमिनीकडे बघत होते. मग नजर खिडकीकडे वळली. तिथे गर्दीत गुणाजी उभा होता, त्याला काय चाललंय ते कळत होतं की नाही देव जाणे.

"बाई, माका एक विचारायचा आसा," ती म्हणाली. "मी भेट म्हटलंय, तर ती भेट एकट्या साहेबाक लागू, की सगळ्यांक?"

"म्हणजे?"

"म्हणजे, ज्यांच्यान ओढवना नाय, नुसतो हात लागता, तेंका मी रोज देतंय. ता मगे काय होतला?"

केंद्राचे वकील उठून म्हणाले, प्रश्न विषयाला सोडून आहे. अध्यक्षा म्हणाल्या, "प्रथा एकच असेल, तर तिचा अर्थही सगळ्यांना एकच लागेल, असं मला वाटतं."

भामाकाकीनं बोटाचा पदर सोडला.

"मगे वाटो," भामाकाकी म्हणाली. "साहेबाक दिलंय तो वाटो. आमच्या गुणाजीन जन्मात भीक घेऊक नाय. आज मी तेका भिकारी केलंय, तर उद्या वाळूर कसा उभा ऱ्हवू?"

वैजयंती उठून बाहेर गेली.

लवादानं अंतिम निकाल राखून ठेवला आणि तोवरचा हुकूम दिला. दोन्ही सरकारांनी आपापले बोये बंद ठेवावेत, म्हणजे मासा आपल्या मनानं कुठे जातो ते कळेल. आणि आडवेळची प्रथा लवाद मान्य करतो: ज्याचा हात दोराला, त्याला वाटा. हक्क त्या ओढीपुरता.

आम्हाला वाटलं सुटलो. पण सरकारांना हुकूम कळला तो वेगळाच. हात दोराला असेल तर हक्क, म्हणजे हात दोराला असलाच पाहिजे. महिन्याभरात बोये बंद झाले, आणि एका सकाळी वाळूवर दोन बस उभ्या. एकीतून राज्याचे कर्मचारी उतरले, दुसरीतून केंद्राचे. गळ्यात ओळखपत्रं, काहींच्या पायात मोजे. राज्यवाले डाव्या दोराला लागले, केंद्रवाले उजव्या. मग राज्याचे काही उजवीकडे गेले, कारण तो दोर मोकळा का सोडायचा. केंद्राचे डावीकडे आले. दोर दिसेना, नुसते हात दिसत होते. माणसं चांगली होती हो, ओढायचीही मनापासून. पण हात काढला की आपल्या सरकारचा हक्क गेला या भीतीनं कुणी नाक पुसायलाही दोर सोडत नसे.

पिवळे बोये मुके झाल्यामुळे खात्यानं वैजयंतीला घरी बसवलं होतं. त्या सकाळी ती रापणीवर आली. आईशी बोलली नाही. उजव्या रांगेत घुसून तिनं दोर धरला.

जाळं जड येत होतं. बऱ्याच दिवसांनी समुद्र गप्प होता आणि त्यात काहीतरी आलं होतं. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. गुणाजी रांगेच्या बाजूबाजूनं चालत होता. हात पुढे केलेला, दोन बोटं ताठ. कुठे फट दिसते का बघत होता. त्याच्या जागेवर एक तरुण लेखनिक उभा होता. त्याला काय माहीत.

भामाकाकीनंही पाहिलं. ती जागची हलली नाही, फक्त टोपली कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतली.

शेजारी राज्याचे एक अधिकारी होते. त्यांना काय घडतंय ते समजलं. "काकी, त्यांना आमच्यातले द्या ना. आम्हाला एवढे कशाला?"

"देऊन टाकूक तो काय मागूक इलो नाय," ती म्हणाली. तिचा आवाज कापला. सभागृहात कापला नव्हता.

जाळ्याचा फुगा पाण्यावर दिसू लागला. लाट फुटली की चांदी चमकायची. दोन्ही रांगा ओरडू लागल्या, हळू, डावीकडचे हळू. गुणाजी थांबला. हात तसाच पुढे.

वैजयंतीनं मान वळवून त्याला पाहिलं. मग आईला पाहिलं. दोर तळहाताला घट्ट होता, तो तिनं सोडला आणि रांगेतून मागे सरली.

"काका, हय धरा. लवकर."

गुणाजीनं दोन बोटं दोराला लावली. पुढच्या लाटेला जाळं वाळूला लागलं.

वाटणी झाली. इतके वाटे आडवेळच्या वाळूवर कधी पडले नव्हते, आणि इतके लहानही कधी नव्हते. साहूसाहेब लांब उभे होते. चौकशी चालू होती, म्हणून त्यांना दोराजवळ जायची मनाई होती. वाटा लाच ठरत नाही हे अजून कुणी कागदावर मान्य केलं नव्हतं. वैजयंतीच्या नावाचा वाटा पडला नाही. भामाकाकी तिच्यावरून पुढे गेली, गुणाजीसमोर वाकली आणि त्याचे बांगडे घातले. एकही जास्त नाही.

दुपारी मी वाटीभर आमटी घेऊन गेले, तर मायलेकी समोरासमोर जेवायला बसल्या होत्या. वैजयंतीच्या ताटात, आईला वाटणी करण्याबद्दल मिळणाऱ्या वाट्यातला बांगडा होता.

"आये, माझो हात नव्हतो दोराक," वैजयंती म्हणत होती. "ह्या काय मग? भेट?"

"गप जेव," भामाकाकी म्हणाली. "काटो बग."

महिन्यानंतर दोघींचं हे पहिलं बोलणं. मी आमटी ठेवली आणि निघाले.

लवादाचा निकाल अजून लागलेला नाही. थवा त्या भोवऱ्यातून सुटला. काही मासा आमच्याकडे आला, काही पलीकडे गेला, बराचसा दक्षिणेला गेला आणि आता तिसरंच राज्य काहीतरी म्हणतंय. साहूसाहेबांची बदली झाली, पुढे काय झालं माहीत नाही. बस मात्र रोज येतात. वैजयंतीनं उजव्या दोराच्या शेवटी हातभर लाल फडकं बांधलं आणि दोन्ही बसमधल्या माणसांना सांगितलं की ही जागा रिकामी ठेवायची. कुठल्या अधिकारात, असं त्यांनी विचारलं. तिनं फडक्याची गाठ आणखी आवळली. त्यांनी जागा सोडली.

गुणाजी दोन पावसाळे त्या जागी चालला. मग एका सकाळी आला नाही.

राज्य कुठे संपतं आणि केंद्र कुठे सुरू होतं, हे मला विचारू नका. तुमच्यातले शिकलेले लोक ते सांगतील. माझं मागणं लहान आहे. घरी बांगडे आणाल, चुलीवर ठेवाल, तेव्हा क्षणभर आमच्या गुणाजी धुरीची आठवण काढा. त्याच्या भावाचं नाव घेतलंत तरी चालेल, ते महादेव. होडी उलटून तो गेला तेव्हा त्याचा हात गुणाजीच्या हातात होता म्हणतात.